व्यवसाय: घरकाम

अवं, काल तुझी तेरवी झाली. तू असतीस तर सगळ्यात आधी रस्सा पुरला का ते विचारलं असतंस. पुरला. रोट्याही पुरल्या, शेवटच्या पंगतीला थोड्या जाड आल्या एवढंच. शेवंताबाई सकाळपासून अंगणात होत्या आणि त्यांनी मला कशाला हात लावू दिला नाही. आज घर रिकामं आहे. कुंदा दुपारच्या एस.टी.नं सासरी गेली. जाताना सगळे डबे पुसून, भरून, त्यांवर चिठ्ठ्या चिकटवून गेली, कारण बापाला हळद आणि बेसन वेगळं ओळखता येईल याची तिला खात्री नाही. मी ओसरीवर कागद घेऊन बसलो आहे. नोकरीत जन्मभर दुसऱ्यांच्या वतीनं मसुदे लिहिले. आज स्वतःच्या वतीनं एक लिहायचा आहे, तोही तुला, तर तासाभरात तीन कागद फाडून झाले.

‘अवं’ एवढ्या एका हाकेवर आपला वीस वर्षांचा संसार निभावला. आपल्याकडे नवरा बायकोला नावानं हाक मारत नाही. मारलीच तर घरातली म्हातारी माणसं मान वर करून बघतात. लग्नात एकदा तुझं नाव घेतलं, ते बायकांनी दार अडवलं म्हणून. त्यानंतर ते नाव मी फक्त अर्जांत लिहिलं. रेशनकार्डाच्या अर्जात, कुंदाच्या शाळेच्या अर्जात, आणि तू गेलीस त्याच्या चौथ्या दिवशी मृत्यूच्या नोंदणीच्या अर्जात.

त्या शेवटच्या अर्जात एक रकाना होता. मृताचा व्यवसाय. कारकुनाला रकाना दिसला की पेन आपोआप चालतं. मी लिहिलं, घरकाम. कुंदाच्या शाळेच्या अर्जात दर वर्षी हेच लिहीत आलो होतो, त्यामुळे अक्षरही छान वळणदार आलं. अर्ज खिडकीतून आत गेला, शिक्का बसला. बाहेर येऊन सायकलचं कुलूप काढताना मला कळलं की आपण काय लिहून आलो. तरी परत आत गेलो नाही. रांग आहे, कुठे उभं राहायचं पुन्हा, असं स्वतःला सांगितलं. रांगेत चार माणसं होती.

लाज वाटते हे मला आता सरळ लिहायचं आहे. तू गेल्याचं दुःख आहेच, पण त्याच्याआधी लाज उभी राहते आणि दुःखाला पुढे येऊ देत नाही. गेल्या तेरा दिवसांत लोक माझ्या पाठीवर हात ठेवत होते आणि प्रत्येक हाताखाली मी आक्रसून जात होतो. त्यांना वाटलं, माणूस खचला आहे.

तुझा पहिला उन्हाळा आठवतो? नरखेडकडे आपल्या गावी, रसाच्या जेवणाला घरात पंचवीस माणसं. अंगणात तीन दगडांवर मडकं उपडं घातलेलं, खाली लाकडं धडधडत होती आणि माझी माय लांब रोट्या टाकत होती. पीठ इतकं सैल की परातीत धड उभं राहत नव्हतं. मायनं गोळा उचलला, या हातावरून त्या हातावर झुलवला, तो मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत गेला, आणि पुरता लांब झाला तशी तिनं तो मडक्यावर अलगद पांघरला. तुला म्हणाली, ये, टाक. तू गोळा घेतलास. कोपरापर्यंत आलाही. मग तू जाळाकडे बघितलंस आणि क्षणभर थांबलीस. रोटी मधोमध फाटून विस्तवात पडली. सगळं घर हसलं. माय रागावली नाही, फक्त जावांना ऐकू जाईल असं म्हणाली, “हिच्या हाताले धीर नाही.”

माय बोलून विसरून गेली. तू विसरली नाहीस. सहा वर्षं तू त्या मडक्याला हात लावला नाहीस आणि नंतर इतर गोष्टींनाही लावेनाशी झालीस. शिवणाचं मशीन नको, हाताले धीर नाही. कुंदाला दवाखान्यात सुई टोचायची, तुम्हीच धरा, माझ्या हाताले धीर नाही. मायचं वाक्य तू स्वतःचंच करून टाकलं होतंस. आणि मला, खरं सांगायचं तर, ते बरं पडत होतं. भित्र्या माणसाला भित्री बायको सोबत म्हणून बरी वाटते.

मग बदली झाली आणि आपण नागपूरला नंदनवनात आलो. वस्ती नवी, घरांपेक्षा मोकळे प्लॉट जास्त, मागच्या अंगणातून थेट रेल्वेचा धूर दिसायचा. एका शनिवारी मी कचेरीतून आलो तर अंगणात तीन दगड, त्यांवर उपडं मडकं, आणि तू घामानं निथळत उभी. पुढ्यात जळक्या तुकड्यांचा ढीग. मी विचारलं, हे काय. तू म्हणालीस, “इथं पाहाले कोणी नाही. म्हणून म्हटलं शिकून पाहतो.”

मी पाहायला होतो ना. तुझ्या फाटक्या रोट्या मी रोज संध्याकाळी ताटात घेत होतो आणि त्यांना जिल्ह्यांची नावं देत होतो. आज भंडारा आला. आज चांदा, खालून जंगल जळलेलं. हा वर्धा, पण नदी भलत्याच बाजूनं गेली आहे. तू हसायचीस. मला वाटायचं मी तुला धीर देतो आहे. आता आठवतं की तू हसत हसत ताट उचलायचीस आणि आत गेल्यावर बराच वेळ बाहेर यायची नाहीस. त्या उन्हाळ्यात तुझ्या दोन्ही हातांवरची लव जळून गेली होती.

मला आठवतं ते बांगड्यांचं. पीठ कोपरापर्यंत ओघळू द्यायचं तर काचेच्या बांगड्या मध्ये येतात, पीठ त्यांत अडकतं आणि तुटतं. सवाष्णीनं बांगड्या काढायच्या नाहीत. माय त्या दंडावर सरकवून वरून फडकं बांधायची. तू माझा निळ्या रेघांचा जुना शर्ट फाडलास, कॉलर विटलेला, कचेरीत घालण्याजोगा न राहिलेला, आणि त्याच्या दोन चिंध्या दोन्ही दंडांवर घट्ट आवळल्यास. मी म्हणालो, माझी वर्दी तुला चढली. तू म्हणालीस, “तुमच्यापेक्षा तिले माझ्याकडं जास्त काम हाय.”

शेजारच्या शेवंताबाई कुंपणावरून बघत असायच्या. त्यांचा नवरा खापरखेड्याला वीजकेंद्रात, शनिवारी रात्री येणार आणि सोमवारी जाणार, त्यामुळे त्यांनाही वेळ होता. त्या पीठ आपटायला यायला लागल्या. मग एका संध्याकाळी तू ताट माझ्यापुढे ठेवलंस आणि उभी राहिलीस. रोटी पातळ, अखंड, वरून रुमालासारखी दुमडलेली. मी उलगडून पाहिली, कुठे भोक नाही. कोणता जिल्हा, मी विचारलं. तू म्हणालीस, “आज अख्खा हिंदुस्थान.” आणि पदर तोंडाला लावून रडलीस. मी घास घेतला. छान झाली एवढं म्हणालो. त्याहून जास्त म्हणायला काय हरकत होती?

त्यानंतरचं सगळं भराभर झालं. आधी शेवंताबाईंच्या दिराच्या लग्नात, मग त्यांच्या ओळखीत, मग महाल, इतवारी, थेट कामठीपर्यंत. लग्नघरचे लोक रिक्षा पाठवायचे, तू मडकी गवतात बांधून न्यायचीस. तुझी भीती गेली असं लोकांना वाटायचं. मला माहीत होतं ती गेली नव्हती. रिक्षा यायच्या आधी तू मागच्या हौदात दोन्ही हात कोपरापर्यंत बुडवून उभी राहायचीस, कारण ते थरथरत असायचे. मी एकदा विचारलं, इतकी भीती वाटते तर जातेस कशाला. तू म्हणालीस, “भ्या तं वाटतेच जी. हात थांबू नाही द्याचा, बस.”

माझा हात कायम थांबलेला होता. कचेरीत मी कोणाला सांगितलं नाही. मनात म्हणायचो, गावाकडं आपली बाग आहे, आपण सरकारी नोकर, आणि आपली बायको दुसऱ्याच्या मांडवात चुलीपाशी बसते. वस्तीत पोरं तुला रोटीवाली म्हणायची. तुला ते आवडायचं, माझ्या कानाला ते टोचायचं. कोणी घरचं विचारलं तर मी सांगायचो, ती घरीच असते. तुझ्या कामावर आपण भांडलो ते एकदाच. तू विचारलंस, “काहून लाज वाटते तुम्हाले? मी चोरी करतो का?” मी म्हणालो, तुला कळायचं नाही. माझ्याजवळ खरं उत्तर नसलं की मी हेच म्हणत असे. ते भांडण तसंच राहिलं.

आता त्या दिवसाचं लिहितो. आणीबाणीच्या आदल्या उन्हाळ्यातलं लग्न, आमच्या हेडक्लार्क पिंपळकरांच्या मुलीचं. आदल्या दिवशी तू म्हणालीस, उद्याच्या रोट्या माझ्याकडे आहेत, पिंपळकरांकडच्या. काम एखाद्या आचाऱ्यामार्फत आलं असणार असं मी धरून चाललो. तुला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर पुढचंही बोलावं लागलं असतं. सकाळी तू शेवंताबाईंना घेऊन रिक्षानं गेलीस आणि मी तासाभरानं इस्त्रीचा शर्ट घालून सायकलनं गेलो, वेगळ्या रस्त्यानं.

मांडव मोठा होता. पुरुषांची पंगत पुढे, कनातीच्या मागे चुली. माझ्या डाव्या हाताला आमचे मोठे साहेब बसले होते, पुण्याकडचे, नागपूरला नवीन. पत्रावळीवर पाटवडीचा रस्सा, आमरस, आणि मग तुझी रोटी आली. साहेबांनी ती दोन्ही हातांनी उचलून उजेडात धरली. म्हणाले, यातून पेपर वाचता येईल हो. दुसरी मागितली, तिसरी मागितली. मग म्हणाले, ह्या कोण करतंय, जरा बोलवा त्यांना, बघू तरी. कोणीतरी कनातीमागे गेलं. मी पत्रावळीतल्या रसाकडे बघत राहिलो.

तू आलीस. पदर कमरेला खोचलेला, कपाळावर पीठ, दोन्ही दंडांवर माझ्या शर्टाच्या निळ्या रेघा. हात जोडून उभी राहिलीस. साहेबांनी तोंडभरून कौतुक केलं आणि विचारलं, कुठल्या तुम्ही बाई. तू पंगतीवरून एकदा नजर फिरवलीस. माझ्यापाशी ती थांबली, फार नाही, गोळा मनगटावरून कोपरापर्यंत यायला लागतो तेवढाच वेळ. मग म्हणालीस, “नंदनवनात राहतो जी.”

पुढचं तू माझ्यावर सोडलं होतंस. माझं नाव घेऊन तू सांगू शकली असतीस, मी यांची बायको. पण ते सांगणं माझं आहे हे तुला कळत होतं. तू वळलीस. साहेब माझ्याकडे झुकले आणि म्हणाले, “तुम्हीही नंदनवनातच राहता ना? ओळखत असाल यांना.”

मी म्हणालो, “नाही साहेब. वस्ती नवी आहे. कोण कुठलं, काही कळत नाही.”

तू तेव्हा कनातीपासून चार पावलांवर होतीस, पाठमोरी. लाऊडस्पीकरवर सनईची तबकडी वाजत होती. तुझं पाऊल थांबलं की नाही, हे मी तेव्हापासून किती वेळा मनात पाहिलं असेल. कधी थांबलेलं दिसतं, कधी नाही. तू कनात उचलून आत गेलीस. मी उरलेली रोटी रसात बुडवून खाल्ली. खाल्ली, हे मला सांगायलाच हवं. तुझ्या हातची रोटी होती आणि ती माझ्या घशाखाली उतरली.

संध्याकाळी तू घरी आलीस. केळीच्या पानात बांधून माझ्यासाठी चार रोट्या आणल्या होत्यास. विचारलंस, “जेवले का पोटभर?” मी म्हणालो, हो. मग तू हातपाय धुतलेस. दुसऱ्या दिवशी त्या दोन चिंध्या धुऊन तारेवर वाळत घातल्या होत्या आणि मला कचेरीत जाताना त्यांच्याखालून वाकून जावं लागलं.

तेव्हापासून अकरा वर्षं मी तुझ्या प्रत्येक बोलण्यात त्या दिवसाचा माग काढत होतो. तू भाजीत मीठ जास्त टाकलंस की वाटायचं, ऐकलं असणार. तू माझ्या शर्टाचं बटण लावून दिलंस की वाटायचं, नसेल ऐकलं. विचारायला एक वाक्य पुरलं असतं. तू काम सोडलं नाहीस, वाढवलंस. शेवंताबाईंना शिकवलंस, त्यांच्यामागून आणखी दोघींना. पाचशे पानांचा मांडव तू एकटीनं काढलास तेव्हा वस्तीत पेढे वाटलेस, आणि मी कचेरीत ते पेढे कुंदाच्या पास होण्याचे म्हणून दिले. कुंदाचा निकाल लागायला अजून महिना होता.

माझ्या परीक्षेचंही तू किती वर्षं बोलत होतीस. खात्याची परीक्षा दिली असती तर बढती होती. माझ्या मागून आलेली पोरं देऊन पुढे गेली. मी दर वर्षी अर्ज आणायचो आणि ट्रंकेत ठेवायचो. एकदा तू ट्रंक झाडताना ते सगळे अर्ज काढून माझ्यापुढे ठेवलेस. मी म्हणालो, नापास झालो तर लोक हसतील. तू म्हणालीस, “माझ्या फाटक्या रोट्याले तुम्ही उन्हाळाभर हासले. मेली का मी?” त्या वेळी मला राग आला होता. मी उठून पान खायला निघून गेलो. त्याबद्दलही माफी मागायची राहिली, ती इथे मागतो.

काल सकाळी पहिली पंगत बसायच्या आधी मी अंगणात गेलो. शेवंताबाई पीठ आपटत होत्या. तुझ्यासारखंच, डाव्या हातानं परात दाबून. तेरवीला लांब रोट्याच करायच्या हा हट्ट त्यांचाच. मी त्यांच्यासमोर पाटावर बसलो आणि एवढ्या वर्षांचा प्रश्न विचारला. पिंपळकरांच्या मांडवात मी साहेबांना काय म्हणालो, ते हिनं ऐकलं होतं का? विचारताना माझा आवाज इतका बारीक निघाला की त्यांनी हात थांबवून पुन्हा विचारायला लावलं.

“ऐकलं ना जी,” शेवंताबाई म्हणाल्या. “मीबी ऐकलं. कनातीलेच तं टेकून होतो आम्ही.”

काय म्हणाली ती, मी विचारलं. त्यांनी पिठाचा हात मांडीला पुसला. म्हणाल्या, तिनं आधी हात पिठात घातला. गोळा घेतला आणि रोटी फाडली. दुसरी घेतली, तीही फाडली. अशा लागोपाठ चार. तिच्या हातानं चार रोट्या फाटलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. मग तिनं पाणी मागितलं, हात बुडवले, आणि म्हणाली, “त्याइले भ्या वाटते वं. मले सा वर्षं लागले. त्याइलेबी लागन वेळ.”

मला वाटलं होतं तू मला क्षमा केली असशील किंवा केली नसशील. या दोनच गोष्टी मला सुचत होत्या. तू मला मुदत दिली होतीस हे मला सुचलंच नाही. स्वतःला जेवढी दिलीस तेवढी, आणि वर आणखी पाच वर्षं. आणि मी ती घालवली. मुदत संपल्यावरही खिडकीपाशी जाऊन घरकाम लिहून आलो.

मी आत गेलो. पंगत बसली होती. कचेरीतले आठ-दहा जण आले होते, पिंपळकरही, आता रिटायर झालेले, गुडघ्यामुळे खुर्चीवर बसवलेले. रोट्या वाढल्या गेल्या आणि कोणीतरी म्हणालं, रोट्या मस्त आहेत. एवढंच. मला कोणी काही विचारलं नव्हतं, मी गप्प बसलो असतो तर चाललं असतं. माझे हात थरथरत होते. हौदात बुडवायला वेळ नव्हता.

मी उभाच होतो, तसाच बोललो. म्हणालो, “या रोट्या माझ्या बायकोच्या आहेत. तिनं शिकवलेल्या बायका करताहेत. बारा वर्षं नागपुरातल्या मांडवांत जी रोटीवाली म्हणून जात होती ती माझी बायको होती. वच्छला तिचं नाव. पिंपळकर साहेब, तुमच्या मुलीच्या लग्नातल्या रोट्या तिच्याच होत्या. मी मोठ्या साहेबांपुढं तिला ओळखत नाही म्हणालो होतो.”

कोणी घास घेतला नाही. पिंपळकरांनी माझ्याकडे पाहिलं, रागानं नाही. म्हणाले, “महादेवराव, बसा आधी. आम्हाले काय माहीत नव्हतं? माझी बायको स्वतः तुमच्या घरी आली होती रोट्या सांगाले. तुमच्या मालकिणीच्या हातचा चहा पिऊन आली. त्या दिवशी पंगतीत मी तुपाचं भांडं घेऊन तुमच्या मागंच उभा होतो.”

मी विचारलं, मग तुम्ही काही बोलला का नाहीत. ते म्हणाले, “तुम्ही नाही म्हणाले. मंग मी कसा हो म्हणू?” आणि बाकीच्यांनी माना खाली घालून जेवायला सुरुवात केली, जशी माणसं दुसऱ्याची लाज झाकण्यासाठी घालतात. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. कुंदाच्या निकालाचे पेढे त्यांनी निकालाच्या महिनाभर आधी खाल्ले आणि मला शाबास म्हणाले. अकरा वर्षं मी जे लपवत होतो ते टेबलावर उघडंच पडलेलं होतं आणि सगळी कचेरी माझ्यासाठी त्यावरून नजर वळवून जात होती. त्या पेढ्यांसाठी तरी मी त्यांना सांगायला हवं होतं, की ती पाचशे पानं होती.

आज तुझी पेटी उघडली. लुगड्यांच्या खाली चिंध्यांची घडी सापडली. निळ्या रेघांच्या दोन, पिवळट दोन, आणि त्या राखाडी शर्टाच्या दोन, जो कुठे गेला म्हणून मी तुझ्याशी भांडलो होतो. सोमवारी मी नोंदणीच्या कचेरीत दुरुस्तीचा अर्ज देणार आहे. मसुदा तयार आहे, या कागदाखालीच आहे. खिडकीमागचा कारकून विचारेल, व्यवसायाचा पुरावा काय, आणि तो बरोबरच विचारेल, मीही विचारला असता. मी त्या चिंध्या खिशात घालून जाणार आहे. तो त्या जोडून घेणार नाही, मला ठाऊक आहे. तरी त्याला सांगेन.

पण तुला विचारायचं ते वेगळंच आहे. अकरा वर्षं मी देवाला एकच मागत होतो, की त्या दिवशीचं माझं बोलणं तुझ्या कानावर गेलेलं नसावं. काल मी इतक्या मोठ्यानं बोललो की अंगणात पीठ आपटण्याचा आवाज थांबला. थोड्या वेळानं शेवंताबाई स्वतः माझ्या पानात रोटी वाढायला आल्या. रोटी मधोमध फाटलेली होती. म्हणाल्या, तुमचं ऐकत राहिले आणि माझा हात थांबला. कनात नव्हती, सनई नव्हती, मधे फक्त उघडं दार होतं.

अवं वच्छला, ऐकलंस का?